तेजसचे इंजिन परकेच का राहिले? कावेरी, मारुत आणि न मिळालेले उड्डाणाचे तास

वातकुक्कुट (धागाकर्ता)

ओझरच्या धावपट्टीवरून 17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकच्या जुळणीमार्गावरचे पहिले तेजस मार्क 1ए झेपावले. हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीच्या ज्या कारखान्याने साठच्या दशकापासून मिग-21, पुढे मिग-27 आणि मग सुखोई-30 एमकेआय बांधली, त्याच कारखान्यातून आपल्या देशात आराखडा झालेले लढाऊ विमान बाहेर पडावे ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्या विमानाच्या पोटात धडधडते ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, लिन या गावी बनलेले जनरल इलेक्ट्रिकचे एफ404 इंजिन. त्या इंजिनावाचून विमानाची काय अवस्था होते, हे गेल्या चार-पाच वर्षांत आपण पाहिलेच आहे. 83 मार्क 1ए विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला, 99 इंजिनांची मागणी ऑगस्ट 2021 मध्ये नोंदवली गेली, आणि त्यांतले पहिले इंजिन हाती पडले ते मार्च 2025 मध्ये. दरम्यान त्या नमुन्याच्या इंजिनाची बंद पडलेली उत्पादनसाखळी अमेरिकी कंपनीला नव्याने उभी करावी लागली आणि इकडे तयार सांगाडे हँगरमध्ये थांबून राहिले. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 चा निरोपसमारंभ झाला, तेव्हा मंजूर 42 स्क्वाड्रनांपैकी (लढाऊ विमानांच्या तुकड्यांपैकी) हवाई दलाकडे 29 उरल्या होत्या. त्याच आठवड्यात आणखी 97 तेजसांचा सुमारे 62,370 कोटी रुपयांचा करार झाला आणि नोव्हेंबरमध्ये आणखी 113 इंजिनांची मागणी त्याच अमेरिकी कंपनीकडे गेली.

हे दुखणे तेजसपुरते नाही. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली बेंगळुरूला घडलेले एचएफ-24 मारुत 17 जून 1961 रोजी प्रथम उडाले, तेव्हा त्याचा सांगाडा ध्वनीपेक्षा जास्त वेग पेलू शकेल असाच आखलेला होता. ज्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाच्या आफ्टरबर्नरयुक्त आवृत्तीवर (आफ्टरबर्नर म्हणजे मागच्या टोकाला जादा इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारा भाग) सगळे गणित बसवले होते, तिची गरज खुद्द ब्रिटनला उरली नाही, आणि उरलेला विकासखर्च उचलण्याची तयारी भारताने दाखवली नाही. मग इजिप्तमध्ये तयार होत असलेले ई-300 इंजिन बसवून पाहण्यासाठी एक मारुत तिकडे धाडले गेले. तो प्रकल्पही गुंडाळला गेला. शेवटी आफ्टरबर्नर नसलेल्या साध्या ऑर्फियसवर 147 मारुत बांधली गेली आणि ती उत्तम सांगाडा व दुबळे इंजिन अशा अवस्थेतच निवृत्त झाली. त्याच ऑर्फियसला देशातच आफ्टरबर्नर जोडण्याचा प्रयत्न गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे जीटीआरई, या संस्थेने केला होता. त्या आवृत्तीच्या चाचणी-उड्डाणात 10 जानेवारी 1970 रोजी ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. 1961 मध्ये मारुत पहिल्यांदा आकाशात नेणारे वैमानिकही तेच होते. बेंगळुरूच्या विमान कारखान्याच्या परिसरातून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. तिथल्या वाहतुकीच्या कोंडीत अडकणाऱ्यांपैकी किती जणांना ते कोण होते हे ठाऊक असेल, कोण जाणे.

या पार्श्वभूमीवर 1989 मध्ये तेजससाठी जीटीआरईच्या कावेरी इंजिनाला मंजुरी मिळाली. मूळ अंदाज 382.81 कोटी रुपयांचा आणि मुदत डिसेंबर 1996 ची होती. आफ्टरबर्नरशिवाय सुमारे 52 आणि आफ्टरबर्नरसह 81 किलोन्यूटन रेटा (विमानाला पुढे ढकलणारे बल), वजन 1,100 किलो, आणि राजस्थानच्या उन्हाळ्यातही ताकद फारशी घटू नये अशी रचना, हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात इंजिन शंभराहून अधिक किलोंनी जड झाले, आफ्टरबर्नरसहचा रेटा उद्दिष्टाच्या बराच खाली राहिला, खर्चाचा सुधारित अंदाज 2,839 कोटींवर गेला, आणि सप्टेंबर 2008 मध्ये कावेरीला तेजसपासून वेगळे काढण्यात आले.

आता माझे म्हणणे मांडतो. कावेरी अपेक्षेपेक्षा कमी पडले ही बातमी नव्हेच. जगात कुणाचेही पहिले लढाऊ इंजिन अपेक्षेपेक्षा कमीच पडते. चीनचे डब्ल्यूएस-10 इंजिन वर्षानुवर्षे रखडले आणि त्यांच्या जे-20 या लढाऊ विमानाने सुरुवातीची उड्डाणे रशियन इंजिनांवरच केली. फरक एवढाच की तिकडे अपुऱ्या इंजिनालाही कुठल्या तरी विमानात जागा मिळत राहिली, त्यातून तास जमत गेले, आणि तासांतून दुरुस्त्या होत गेल्या. आपण 2008 मध्ये कावेरीला तेजसमधून काढले ते त्या क्षणी बरोबर होते. पण काढल्यानंतर त्याला दुसरे कोणतेही विमान दिले नाही. संरक्षण संशोधन संस्थेच्याच माहितीनुसार नऊ पूर्ण इंजिने आणि चार गाभा-इंजिने (हवा दाबणारा कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन एवढाच मधला भाग) मिळून एकूण 3,217 तासांच्या चाचण्या झाल्या. याउलट एफ404 या कुळाने आजवर एक कोटीहून अधिक तास प्रत्यक्ष उड्डाण केले आहे. हे अंतर पैसा ओतून किंवा अधिक हुशार माणसे नेमून भरून निघणारे नाही. वाचकांनी, विशेषतः या क्षेत्रात काम केलेल्यांनी, आपले मत मांडावे.

तिरकस

धागा वाचला. महालेखापरीक्षकांच्या 2011 च्या अहवालात, दोन दशके आणि सुमारे 1,892 कोटी रुपये खर्चूनही इंजिन हाती आले नाही, असे म्हटलेले आहे. ज्याने माल वेळेत दिला नाही त्याला सोडून, ज्याने घेतला नाही त्याच्यावर ठपका ठेवण्याची ही रीत मला तरी नवीन आहे. नाचता येईना अंगण वाकडे, यापलीकडे या युक्तिवादात काय आहे ते धागाकर्त्यांनी सांगावे.

धातुवेध

तिरकस यांचा प्रश्न रास्त आहे. पण ‘माल’ म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. माझे शिक्षण धातुशास्त्राचे आणि नोकरीची बहुतेक वर्षे ओतकामाच्या दर्जातपासणीत गेली, म्हणून फक्त टर्बाइनच्या, म्हणजे तप्त वायूच्या झोताने फिरणाऱ्या चाकाच्या, पात्याबद्दल लिहिते.

ज्वलनकक्षातून निघणारा वायू पहिल्या टर्बाइनवर आदळतो तेव्हा त्याचे तापमान, पाते ज्या निकेल-मिश्रधातूचे बनवलेले असते त्याच्या वितळणबिंदूच्याही वर असते. हे पाते तळहाताएवढेही नसते, मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते, आणि त्या फिरण्यामुळे त्याच्या मुळाशी काही टनांचा ताण येतो. ते तग धरते याचे एक कारण म्हणजे पात्याच्या आत नागमोडी पोकळ्या असतात; कॉम्प्रेसरमधून काढून घेतलेली तुलनेने थंड हवा त्यांतून फिरते आणि पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून पात्यावर हवेचा पातळ पडदा धरते. वर सिरॅमिकचा लेप असतो तो वेगळाच.

दुसरे कारण धातूच्या आत आहे. साध्या ओतकामात धातू थिजताना त्याचे असंख्य स्फटिककण बनतात, आणि प्रचंड उष्णतेत सतत ताण राहिला की त्या कणांच्या सीमांपाशी धातू हळूहळू सरकू लागतो. म्हणून आधी हे कण पात्याच्या लांबीच्या दिशेने उभे वाढवण्याची पद्धत आली आणि मग संपूर्ण पाते एकाच स्फटिकाचे करण्याची. त्यासाठी साचा भट्टीच्या तप्त भागातून अगदी संथ गतीने खाली उतरवतात. साच्याच्या तळाशी पिळाच्या आकाराची एक अरुंद वाट असते, तिच्यातून एकच कण वर चढतो आणि पुढे सारे पाते त्याचेच बनते. आतल्या पोकळ्यांसाठी ठेवलेला सिरॅमिकचा गाभा नंतर तीव्र अल्कलीत विरघळवून काढतात. मग पाते आम्लद्रावणात बुडवून, धुऊन दिव्याखाली धरायचे. नीट जमलेले पाते कसेही तिरके केले तरी एकाच झळाळीने उजळते. बिघडलेल्या पात्यावर कुठे तरी नखाएवढा ठिपका उरलेल्या अंगापेक्षा वेगळ्या कोनात चमकतो. बाकी सारी मापे काटेकोर असली तरी ते पाते भंगारात जाते, आणि नवीन भट्टीवर सुरुवातीचे कित्येक महिने भंगाराची पेटीच आधी भरते.

कावेरीच्या वेळी आपल्याकडे दिशादर्शी घनीकरणाची (कण उभे वाढवलेली) पाती होती, एकस्फटिकी नव्हती. हैदराबादच्या डीएमआरएल या प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी 60 एकस्फटिकी पात्यांचा पहिला संच हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या हवाली केला तो 2021 मध्ये. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने 2,000 टनी दाबयंत्रावर कॉम्प्रेसरच्या चकत्या घडवण्याचे तंत्र सिद्ध केले. म्हणजे 1989 मध्ये ज्या इंजिनाची मुदत सात वर्षांची धरली, त्याला लागणारे दोन मूलभूत कारागिरीचे घटक देशात तीस वर्षांनी आले. जीटीआरईने वेळेत माल दिला नाही हे खरेच. पण तो माल ज्यापासून घडवायचा ते मिश्रधातू, त्या भट्ट्या आणि ती दाबयंत्रे त्यांच्या हातात कुणी दिली होती? 1989 चा अंदाज ज्यांनी मंजूर केला त्यांनी केवळ इंजिनाचा हिशेब मांडला, इंजिनामागच्या उद्योगाचा मांडलाच नाही. माझ्या मते खरा दोष तिथे आहे, आणि या बाबतीत धागाकर्त्यांशी माझा मतभेद आहे: 2008 मध्ये कावेरीला दुसरे विमान मिळाले असते तरी त्या वेळच्या पात्यांनिशी ते फार पुढे गेले नसते.

सह्यगिरी

मी हवाई दलात इंजिन फिटर म्हणून सेवा केली. धागाकर्त्यांचा ‘अपुऱ्या इंजिनालाही विमान द्या’ हा आग्रह वाचून अस्वस्थ झालो, म्हणून लिहितो. तेजसला एकच इंजिन आहे. ते हवेत बंद पडले आणि पुन्हा सुरू झाले नाही, तर वैमानिकापुढे आसन-उत्सर्जनाशिवाय (आसनासकट विमानाबाहेर पडण्याशिवाय) पर्याय उरत नाही. जमिनीवर बसून तासांचा हिशेब मांडणाऱ्यांनी हे विसरू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरूच्या एरो इंडिया या हवाई प्रदर्शनाच्या वेळी हवाई दल प्रमुखांनी तेजसच्या विलंबाबद्दल उघडपणे नाराजी व्यक्त केली, तीही हौसेने नव्हे. स्क्वाड्रनांची संख्या घटत असताना सीमेवरची जबाबदारी घटत नाही.

मात्र तासांचे मोल मला मान्य आहे आणि ते का, हे सांगतो. उड्डाणानंतर पक्षी किंवा खडा आत गेल्याची शंका आली की आम्ही बोरस्कोप (बारीक नळीची दुर्बीण) आत सरकवून एकेक पाते तपासत असू. एक माणूस रोटर, म्हणजे इंजिनाचा फिरणारा भाग, हाताने हळूहळू फिरवतो, दुसरा भिंगाला डोळा लावून पाती मोजत जातो. पात्याच्या कडेला कुठे खाच दिसली की तिची लांबी, खोली आणि मुळापासूनचे अंतर टिपायचे आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडायचे. इतकी खाच असेल तर विमान उडू द्या, इतकी असेल तर काही तासांनी पुन्हा पाहा, त्याहून जास्त असेल तर इंजिन उतरवा, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. तो तक्ता कुणा प्रयोगशाळेत बसून लिहिता येत नाही. जगभरच्या हवाई दलांमध्ये खाच पडलेली हजारो पाती किती काळ टिकली, त्याचा तो निचोड असतो. कावेरीचा तसा तक्ता आज कोण लिहिणार? आणि तो नसेल तर रात्री दोन वाजता माझ्यासारख्याने कशाच्या आधारावर सही करायची?

वातकुक्कुट

सह्यगिरी साहेब, आपल्या शेवटच्या दोन प्रश्नांनी माझेच म्हणणे माझ्यापेक्षा नेमके मांडले. एक खुलासा करतो. अपुरे इंजिन एकइंजिनी तेजसमध्ये बसवावे, असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. फ्रान्सने काय केले ते पाहण्यासारखे आहे. राफेलचे पहिले प्रात्यक्षिक विमान 4 जुलै 1986 रोजी उडाले ते दोन अमेरिकी एफ404 इंजिनांवर, म्हणजे आज तेजसमध्ये असलेल्या कुळाच्याच इंजिनांवर. स्वतःचे एम88 इंजिन उड्डाणयोग्य झाल्यावर त्यांनी 1990 मध्ये त्याच विमानातले एक एफ404 काढून तिथे एम88 बसवले आणि दुसरे तसेच ठेवले. नवे इंजिन रुसले तर जुने वैमानिकाला घरी आणेल, ही त्यामागची साधी सोय होती. राफेल परक्या इंजिनावर उडत असतानाही एम88 ला आपल्याला कुठे जायचे आहे हे ठाऊक होते.

कावेरीच्या वाट्याला यातले काय आले? मॉस्कोजवळच्या ग्रोमोव या उड्डाण-चाचणी संस्थेत आयएल-76 या मालवाहू विमानाच्या एका इंजिनाच्या जागी ते बसवून नोव्हेंबर 2010 पासून चाचण्या झाल्या. 27 उड्डाणे आणि साधारण 55 तास. परिणाम समाधानकारक होते, असे तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आले. त्यानंतर इंजिन उतरवून परत आणले आणि विषय थांबला. उड्डाण-चाचणीसाठीचे विमान आपले नव्हते, उंचीवरच्या स्थितीची चाचणी करण्याचा कक्षही रशियातलाच, आणि दर वेळी तारखा मिळवून, सामान जहाजाने पाठवून, जे काय शिकायचे ते ठरलेल्या आठवड्यांत शिकून परतायचे, अशी सगळी तऱ्हा. धातुवेध ताईंचा आक्षेप मी अर्धाच मान्य करतो. 2008 च्या पात्यांनी कावेरी 81 किलोन्यूटनपर्यंत गेले नसते, हे खरे. पण कमी तापमानावर, कमी रेट्याने का होईना, ते शेकडो तास उडत राहिले असते तर कंपने, बेअरिंग, तेलाची गळती, डिजिटल नियंत्रक यांतल्या चुका त्या काळातच उमगल्या असत्या आणि नवी पाती आली तेव्हा बाकीचे इंजिन त्यांची वाट पाहत उभे असते.

तिरकस यांना एवढेच सांगतो की ठपका हवाई दलावर नाही. संरक्षण खरेदीच्या आपल्या पद्धतीत इंजिन, विमान आणि वापरकर्ता या तिघांच्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात आणि इंजिनाला पुढचे विमान मिळवून देणे हे कुणाचेच काम नसते.

ओझरकर

उत्पादनाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण ‘आपण रशियन इंजिने कोरापुटला बनवतो, मग अडचण काय?’ हा प्रश्न दर वेळी निघतो. ओडिशातल्या कोरापुट कारखान्यात मिग-21 ची इंजिने झाली, पुढे मिग-27 ची झाली आणि आता सुखोईचे एएल-31एफपी कच्च्या मालापासून बनते. सप्टेंबर 2024 मध्ये अशा 240 इंजिनांचा सुमारे 26,000 कोटींचा करार झाला. हे काम कमी कौशल्याचे नाही. तिथले कामगार जे करतात ते देशातल्या फार थोड्या कारखान्यांत होऊ शकते. पण परवान्याखालचे काम म्हणजे रेखाचित्र जसे आले तसे पाळायचे. एखाद्या कोपऱ्याची गोलाई अमुक मिलिमीटरच का, दुसरी का नाही, हे रेखाचित्र सांगत नाही. ती बदलायची तर मूळ उत्पादकाची मंजुरी हवी, आणि त्याने बदल नाकारला तर कारण देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. साठ वर्षांत आपण ‘कसे’ उत्तम शिकलो. ‘का’ विचारण्याची सोय कोणत्याच करारात नव्हती.

म्हणून पुढच्या प्रगत मध्यम लढाऊ विमानासाठी, म्हणजे अ‍ॅमकासाठी, फ्रान्सच्या साफ्राँ कंपनीबरोबर 120 किलोन्यूटनच्या घरातले इंजिन विकसित करण्याची घोषणा ऑगस्ट 2025 मध्ये झाली, तेव्हा मला टक्केवारीत रस वाटला नाही. तेजस मार्क 2 च्या एफ414 इंजिनाबाबत 80 टक्के तंत्रज्ञान मिळणार, असे 2023 पासून ऐकतो आहोत. ही टक्केवारी किमतीची, सुट्या भागांची की प्रक्रियांची, यावर सगळे अवलंबून असते. उरलेल्या 20 टक्क्यांत नेमके धातुवेध ताईंचे पाते बसले असेल तर आपल्या हाती बाहेरचे कवच आणि नळ्याच येतील.

तिरकस

ओझरकर, ‘का’ विचारण्याची सोय करारात कशी लिहितात, ते एकदा सोप्या भाषेत सांगा. आणि धागाकर्त्यांना एक प्रश्न: आफ्टरबर्नरशिवायचे कावेरी आता मानवरहित लढाऊ विमानासाठी घेतले जाणार असे म्हणतात. म्हणजे त्याला शेवटी विमान मिळालेच ना?

ओझरकर

लिहिता येते. रेखाचित्राबरोबर त्यामागची आकडेमोड आणि फसलेल्या चाचण्यांचे अहवाल मागायचे. आराखड्यात बदल करण्याचा आणि बदललेला आराखडा तिसऱ्या देशाला विकण्याचा हक्क मागायचा. आणि विकासाच्या पहिल्या दिवसापासून आपले अभियंते त्यांच्या आराखडा-कक्षात बसतील हे कलम घालायचे. फसलेल्या चाचण्यांचे अहवाल देताना विक्रेता सर्वांत जास्त कुरकुर करतो, यावरून त्यांची किंमत ओळखावी.

वातकुक्कुट

होय, आणि ती चांगली बातमी आहे. ‘घातक’ नावाच्या त्या मानवरहित विमानाला साधारण 48 ते 50 किलोन्यूटनचा रेटा पुरतो. तिथे आफ्टरबर्नर लागत नाही आणि आत वैमानिकही नसतो, त्यामुळे सह्यगिरी साहेबांची मुख्य हरकत तिथे लागू होत नाही. या आवृत्तीचे काही भाग बनवण्याचे काम मुंबईच्या गोदरेज समूहाकडेही आलेले आहे. पण घातक स्वतः अजून उडालेले नाही. न उडालेल्या विमानात, लढाऊ विमानात कधीच न उडालेले इंजिन बसवायचे, तर चूक कोणत्या बाजूची हे शोधण्यातच वर्षे जातील. आधी एखाद्या दोनइंजिनी विमानात त्याचे तास भरून घ्यावेत, असे मला वाटते.

सह्यगिरी

दोनइंजिनी म्हणत असाल तर मिग-29 विचारात घेण्यासारखे आहे. त्याचे आरडी-33 इंजिन 81 किलोन्यूटनच्या घरातले, म्हणजे कावेरीच्या मूळ उद्दिष्टाएवढेच. पण एका बाजूला आफ्टरबर्नर आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा स्थितीत विमान एकीकडे ओढ घेणार. शिवाय इंजिनाची अडकवणी, हवेचा मार्ग, इंधन व हायड्रॉलिकच्या जोडण्या, गिअरबॉक्स, सारे बदलावे लागेल, आणि विमानाच्या मूळ उत्पादकाकडून कागदपत्रे मिळाल्याशिवाय त्या बदलांना प्रमाणपत्र मिळणार नाही. सेवेतून काढण्याच्या बेतात असलेले एखादे विमान वेगळे काढून, फक्त कोरड्या रेट्यावर (आफ्टरबर्नर न वापरता), दिवसा आणि धावपट्टीच्या टप्प्यात राहून उडवले तर माझी हरकत नाही. त्यासाठी स्क्वाड्रनमधले चालू विमान मात्र कुणी मागू नये.